हेकरूंची मोजणी

दादाचा उजवा हात कामातून गेला आणि बोट वहिनीच्या गळ्यात पडली.

झालं ते दोन क्षणांत झालं. समुद्रातल्या बुडीत खडकावर एक मोठा हेकरू गळाला लागला होता. हेकरू हा पाण्याखालच्या कपारीत राहणारा मासा. जाड ओठांचा, अंगभर ठिपक्यांचा, तोंड असं की माणसाची मूठ सहज आत जाईल. गळ लागला की तो इतर माशांसारखा पळत नाही. सरळ आपल्या कपारीत शिरतो, अंग फुगवतो आणि पाचर मारल्यासारखा अडकून बसतो. दादाने दोरी तळहाताला गुंडाळली आणि ओढली. दोरी हाताला गुंडाळू नका, हे त्याने आजवर हजार जणांना ओरडून सांगितलं असेल. माशाने खाली एक हिसडा दिला आणि दोरी करवतीसारखी तळव्यातून फिरली. सोळा टाके पडले. मधली दोन बोटं वळेनात. तीन महिने हाताला पाणी लागू द्यायचं नाही, असं दवाखान्यात सांगितलं, तेव्हा दादा सांगणाऱ्याच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला.

आणि हेच तीन महिने धंद्याचे. याच दिवसांत समुद्र ताटात पाणी ठेवल्यासारखा सपाट असतो आणि शहरातून गळवाले येतात. हौस म्हणून मासे धरणारी ही माणसं. चकचकीत काठ्या, कप्प्याकप्प्यांच्या पेट्या, गळ्यात कॅमेरे. त्यांना खडकावर न्यायचं, बोट जागेवर धरून ठेवायची, गळ अडकला की सोडवायचा, उलटी झाली की पाठ चोळायची, हे दादाचं काम होतं. आता ते वहिनीवर आलं.

वहिनी म्हणजे तशी फक्त दादाच्या धाकट्या भावाची वहिनी. पण धाकटा मोठ्या आवाजाचा. तो धक्क्यावरून “वहिनीऽऽ” अशी हाक मारायचा आणि ती ऐकून ऐकून सगळा धक्का तिला वहिनीच म्हणायला लागला होता. बर्फवाला, डिझेलवाला, जाळी विणणारे म्हातारे, सगळ्यांची ती वहिनी. इंजिन तिला येत होतं. बोट लावायला येत होती. येत नव्हतं ते गळवाल्यांच्या नजरेला नजर देणं.

पहिल्याच दिवशी एक जण धक्क्यावर उभा राहून म्हणाला, “मालक कुठायत?”

“मीच येणार आहे.”

“नाही, बोट कोण चालवणार?”

“मीच.”

तो आपल्या मित्राकडे वळला. “बघ बाबा, लाइफ जॅकेट घालूनच ठेव.”

दोघं हसले. वहिनीने नांगराची दोरी गोळा केली आणि इंजिन चालू केलं. दिवसभर तिने बोट खडकावर अशी धरली की त्यांची एकही दोरी तुटली नाही. परतताना दोघं झोपून गेले होते. घरी आल्यावर तिने दादाला एवढंच सांगितलं, “उजवीकडचा पंप आवाज करतोय.” दादा डाव्या हाताने बटाटे सोलत होता. निम्मा बटाटा सालीबरोबर चालला होता.

“बघतो,” तो म्हणाला. मग स्वतःच्या हाताकडे बघून म्हणाला, “तू बघ. मी सांगतो कसं ते.”

हे सगळं कसंबसं अंगवळणी पडत होतं, तेवढ्यात धक्क्यावरच्या फलकावर मासेमारी कार्यालयाचा कागद लागला. खडकावरचे हेकरू संपत आले आहेत, अशा तक्रारी आहेत. म्हणून पाच दिवस मोजणी होईल. हातभर लांबीचे किंवा त्याहून मोठे मासे तीसपेक्षा कमी दिसले, तर सगळा खडक तीन वर्षं बंद. जाळी, पिंजरे, गळ, सगळंच बंद.

धाकट्याने कागद मोठ्याने वाचला, परत एकदा वाचला आणि म्हणाला, “झालं. आवरा दुकान.” धाकटा पिंजरे लावायचा. लोखंडी सळ्यांचे, जाळी ताणलेले, एकेक पिंजरा दोन माणसांनी उचलायचा. खडक बंद झाला, तर ते भंगारात घालण्यावाचून इलाज नव्हता.

मोजणीसाठी कार्यालयातून एक बाई आली. तिशीची, उन्हाने रापलेली, केस कापलेले, पाठीवर हवेची टाकी. तिला पाच दिवस बोट हवी होती आणि बाकी बोटवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. आपल्या पोटावर पाय देणारीला आपणच खांद्यावर बसवून न्यायचं का, असं त्यांचं म्हणणं. ती एकेका बोटीपाशी जाऊन विचारत होती आणि माणसं तिच्या देखत इंजिनावर फडकी टाकत होती. वहिनीने ते पाहिलं. ‘बोट कोण चालवणार’ हे शब्द तिच्या कानात अजून ताजे होते.

“माझ्याबरोबर या,” ती म्हणाली. “पण माझे गळवाले असतील बोटीवर. सकाळी त्यांचं काम, मग तुमचं.”

“चालेल ताई,” मोजणीबाई म्हणाली. “मला त्यांचे मासेही मोजायचेतच.”

पहिल्या दिवशी ती तीनदा पाण्यात उतरली. कमरेला दोरी, दोरीचं टोक वहिनीच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोरी सैल सोडा, तीन म्हणजे वर ओढा. वर आल्यावर तिने पाटीवर आकडा लिहिला. सात. दुसऱ्या दिवशी खडकाची दुसरी बाजू. चार. वहिनीने मनात बेरीज केली. अकरा.

त्या दुसऱ्या दिवशी बोटीवर एक दातांचा डॉक्टर होता. जाडजूड, हसतमुख, पण सारखा सूचना देणारा. “बाई, थोडं पुढे घ्या. बाई, एवढं नको.” दुपारी त्याच्या काठीला असा बाक आला की ती मोडते की काय असं वाटलं. अर्धा तास तो घाम गाळत होता. शेवटी पाण्याखालून एक पिवळट, ठिपकेदार धूड वर आलं. हेकरू. वहिनीच्या कमरेपर्यंत येईल एवढा.

पण मासा बघवत नव्हता. खोलातून झटक्यात वर आल्यामुळे त्याच्या पोटातला हवेचा फुगा ताणला होता. पोट टम्म, डोळे बाहेर आलेले, आणि तोंडातून जठर उलटं होऊन गुलाबी फुग्यासारखं लोंबत होतं.

“जबड्याला धरून उभा टांगतो, फोटो काढा!” डॉक्टर म्हणाला.

“टांगू नका,” मोजणीबाई म्हणाली. “त्याच्या स्वतःच्याच वजनाने मणका निसटतो. आडवा धरा. एक हात पोटाखाली. मोजून सोडायचाय तो.”

“अहो पण आयुष्यात एकदा मिळतो असा!”

“त्यालाही आयुष्य एकदाच मिळतंय.”

डॉक्टरचं तोंड उतरलं, पण त्याने आडवा धरला. फोटो निघाला. मोजणीबाईने ओल्या हातांनी लांबी मोजली आणि मासा पाण्यात सोडला. तो बुडेना. उताणा होऊन लाटेवर हलत राहिला. दोन पांढरे पक्षी लगेच घिरट्या घालायला लागले.

वहिनीने असे तरंगणारे हेकरू जन्मभर पाहिले होते. दादा अशा वेळी म्हणायचा, गेला बिचारा, आणि आकडी घालून वर घ्यायचा.

“एखादा प्लॅस्टिकचा क्रेट आहे का ताई? आणि शिशाची वजनं?”

बर्फाचा क्रेट होता. मोजणीबाईने त्याला कडेने वजनं बांधली, बुडाला मधोमध दोरी बांधली आणि तो माशावर टोपलीसारखा पालथा घातला. “सोडा आता. हळूहळू. तो आत अडकून खाली जाईल. खोलावर गेला की पोटातली हवा आपोआप दबते.”

वहिनी दोरी सोडत गेली. पाच हात, दहा हात, पंधरा. दोरी अंगठ्याखालून सरकत होती आणि तिच्या टोकाला काहीतरी जड, मुकं लोंबत होतं. वीस हातांवर एक धक्का बसला. मग दुसरा. आणि मग दोरी हलकी झाली. तिने क्रेट वर ओढला. रिकामा.

“गेला?” डॉक्टरने विचारलं.

“बघून येते,” असं म्हणून मोजणीबाई पाण्यात उतरली. वर आली तेव्हा हसत होती. “कपारीत बसलाय. मला बघून असा जबडा उघडला, जसं काही मीच त्याला वर ओढलं होतं.”

डॉक्टर मटकन खाली बसला. “आमच्याकडे पेशंट असाच बघतो माझ्याकडे,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच बोटीवर सगळे एकदम हसले. पुढच्या माशाला क्रेट खाली सोडायला त्यानेच दोरी मागून घेतली.

परतताना मोजणीबाई वहिनीशेजारी सुकाणूपाशी बसली. “वीस-बावीस वर्षांचा असेल तो.”

“माझ्या लग्नाएवढा.”

“नर होता. सगळे हेकरू जन्मतात ते माद्या म्हणून. मोठ्या झाल्या की त्यांतल्या थोड्या नर होतात. म्हणून तर मोठे मासे मारले की घोळ होतो. अंडी घालणाऱ्या उरतात आणि नरच उरत नाहीत.”

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. “म्हणजे आधी बाई आणि मग बाप्या?”

“हो.”

“आणि मी दोन महिने बोट चालवली, तर धक्क्यावर बोलणी!”

मोजणीबाई हसली. मग म्हणाली, “ताई, हे मासे एरवी एकेकटे राहतात. पण या दिवसांत, पौर्णिमेच्या सुमाराला, सगळे एका जागी जमतात. अंडी घालायला. लांबलांबून येतात. तशी जागा इथे कुठेतरी असणार. ती सापडली तर खरी मोजणी होईल. नाहीतर मला जे दिसतंय तेच लिहावं लागेल.” ती पाण्याकडे बघत होती. “मी विचारतेय. उत्तर द्याच असं नाही म्हणत.”

वहिनीने इंजिनाचा वेग वाढवला. नको होता, तरी वाढवला.

जागा तिला ठाऊक होती. सासऱ्यांनी दोघा मुलांना दाखवली होती आणि कुणाला सांगाल तर घरात पाऊल ठेवू नका, असं बजावलं होतं. सुनेला कुणी दाखवली नव्हती. पण लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गळक्या बोटीतलं पाणी उपसायला तिला नेलं होतं, आणि उपसता उपसता तिने मान वर करून पाहिलं होतं. किनाऱ्यावरची पाण्याची टाकी आणि डोंगराची खाच एका रेषेत आली की थांबायचं. खाली खडकाची कड होती. घरात त्या जागेला नाव नव्हतं. नुसतं ‘तिकडे’ म्हणत.

तिसऱ्या दिवशी तीन मासे दिसले. चौथ्या दिवशी पाच. एकूण एकोणीस.

चौथ्या दिवशी जेवायच्या वेळेला धाकटा घरी आला. चपला न काढताच दारात उभा राहिला. “दादा, उद्या पौर्णिमा. तसंही बंदच होणारे. मी उद्या तिकडे पिंजरे टाकतो. सगळे बारा. परत कधी हात लागेल कुणाला ठाऊक.”

दादाने जेवताना मान वर केली नाही. डाव्या हाताने भात तोंडापर्यंत नेताना थोडा सांडत होता.

“भावजी,” वहिनी म्हणाली, “तिथे मोजणी केली तर तीसच्या वर जातील. खडक बंद होणार नाही.”

धाकटा तिच्याकडे वळला. “तुम्हाला तिथलं काय माहीत?”

“टाकी आणि खाच.”

दादाचा घास हातातच राहिला.

“तू सांगितलंस हिला?” धाकट्याने विचारलं.

“मी नाही सांगितलं,” दादा म्हणाला.

“कुणी नाही सांगितलं. मला डोळे आहेत,” वहिनी म्हणाली. “एकोणीस वर्षं माहीत आहे मला. बोलले का कधी?”

“मग आता त्या बाईला दाखवणार? कागदावर जाईल ते. उद्या सगळा धक्का तिकडे येऊन बसेल!”

“आणि तुम्ही बारा पिंजरे टाकल्यावर काय येऊन बसणारे तिथे?”

धाकट्याच्या मानेची शीर तटतटली. त्याने भावाकडे पाहिलं. “दादा, तू बोल.”

दादाने ताट बाजूला सारलं. “वडिलांनी शब्द घेतलाय माझ्याकडून,” तो खाली बघत म्हणाला. “दाखवायचं नाही म्हणजे नाही.” आणि उठून हात धुवायला गेला. धाकटा “सकाळी निघतो” म्हणून गेला. वहिनीने सांडलेला भात गोळा केला. तिला राग येत होता, पण नेमका कुणाचा, ते कळत नव्हतं.

सकाळी ती उठली तेव्हा दादा घरात नव्हता. आंघोळ करताना हाताला बांधायची प्लॅस्टिकची पिशवी खिळ्यावर नव्हती. त्याची टोपी नव्हती. वहिनी धक्क्यावर आली, तर धाकट्याची बोट गेलेली. बर्फवाला म्हणाला, “दोघं भाऊ गेले की उजाडताना. पिंजरे गच्च भरले होते.”

म्हणजे शेवटी भावाबरोबर गेला. दुखरा हात घेऊन गेला. ती धक्क्याच्या दगडावर बसली. बावीस वर्षं माणसाबरोबर काढावी, आणि त्याने असं उजाडताना चोरासारखं उठून जावं, हे तिच्या घशाखाली उतरेना. समोर मोजणीबाई हवेची टाकी तपासत होती. पाचवा दिवस. तिच्या पाटीवर एकोणीस लिहिलेले होते आणि ती तो आकडा अंगठ्याने उगाच पुसून परत लिहीत होती.

वहिनी उठली. “आज गळवाले नाहीत. डिझेलवाला दुपारी येतो, मग निघू. लागेल तेवढी हवा भरून घ्या.”

“कुठे जायचंय?”

“सांगते.”

चार वाजता त्या निघाल्या. ऊन कललं होतं. खडकाचा ओळखीचा भाग मागे पडला, पाण्याचा रंग हिरव्यावरून निळ्यावर आणि निळ्यावरून काळपट झाला. वहिनी सारखी मागे वळून किनाऱ्याकडे बघत होती. टाकी हळूहळू सरकत होती. खाचेपासून चार बोटं. दोन बोटं. आणि पुढे, अगदी त्याच रेषेवर, धाकट्याची बोट नांगर टाकून उभी होती.

उशीर झाला, वहिनीला वाटलं. सकाळपासून आहेत. बारा पिंजरे तीन-तीनदा भरून झाले असतील.

तिने इंजिन हळू केलं. बोट जवळ गेली, तसं दिसायला लागलं. धाकटा पुढच्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मागे पिंजऱ्यांचा ढीग. बाराच्या बारा. कोरडे. आणि ढिगाच्या वर, उन्हाने लाल झालेला, टोपी कपाळावर ओढलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला हात छातीशी धरून दादा बसला होता.

“वहिनी!” धाकटा तिथूनच ओरडला. आवाज रडवेला होता की चिडका, कळेना. “याला खाली उतरवा! सकाळी सहापासून बसलाय! जेवत नाही, उठत नाही. शिव्या घालून झाल्या, पाया पडून झालं!”

“अहो,” एवढंच वहिनी म्हणाली.

“हाताने काही होत नाही,” दादा म्हणाला. “म्हटलं, बूड तरी कामाला येईल.”

“मग मला सांगून का नाही गेलात?”

“काय सांगणार? वडिलांना दिलेला शब्द मोडणार नाही म्हटलं होतं. दाखवणार नव्हतोच मी कुणाला.” त्याने मोजणीबाईकडे पाहिलं, मग वहिनीकडे. “पण तू कुणाला काही शब्द दिला नव्हतास. येशील असं वाटलं. तोपर्यंत इथे पिंजरा पडू नये, एवढंच बघायचं होतं.”

वहिनीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिने तोंड फिरवून नांगर टाकला, गरजेपेक्षा जोरात.

“उतर की आता,” धाकटा म्हणाला.

“पाय बधिर झालेत. उतरता येत नाही.”

मग धाकट्यानेच शिव्या देत त्याला काखेत हात घालून खाली घेतलं. सळ्यांचे वळ त्याच्या मांड्यांवर उमटले होते. धाकट्याने पाण्याची बाटली त्याच्या हातात कोंबली आणि परत टोकाला जाऊन पाठ करून बसला.

मोजणीबाई तयार झाली. कमरेला दोरी बांधून उतरली. बुडबुडे आधी जवळ दिसले, मग लांब गेले, मग दिसेनासे झाले. वहिनीच्या बोटांत दोरी. एक झटका. ठीक. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक झटका.

दोन बोटी शेजारी शेजारी हलत होत्या. वहिनीच्या मनात नको नको ते येत होतं. सासरे जाऊन दहा वर्षं झाली. धाकट्याचे पिंजरे गेल्या वर्षी इथे पडले होते, त्याच्या आदल्या वर्षीही. खाली काही उरलंच नसलं तर? आपण घरची जागा उघडी केली आणि ती रिकामीच निघाली तर? दादाला तोंड कसं दाखवायचं?

तीन झटके.

तिने ओढायला सुरुवात केली. दादा पलीकडच्या बोटीतून सवयीने उजवा हात पुढे करायला गेला आणि ओशाळून मागे घेतला. मोजणीबाईचं डोकं वर आलं. तिने तोंडातली नळी काढली. नुसती धापा टाकत बोटीच्या कडेला लटकली.

“किती?” धाकट्याने विचारलं. तो कधी उठून आला, कुणाला कळलं नव्हतं.

“ताई,” ती म्हणाली, “मी मोजायचं विसरले.”

“काय?”

“विसरले! खाली कडेवर सगळीकडे तेच. एकावर एक. नरांची तोंडं पांढरी पडलीयेत, अंगावर काळे पट्टे उठलेत, एकमेकांना ढुशा देतायत. माद्यांची पोटं अशी. मला घाबरतसुद्धा नाहीत. एक माझ्या पाटीचा वास घेऊन गेली. मी बघतच राहिले, आणि मग आठवलं की अरे, मोजायचंय.” तिने श्वास घेतला. “मग मोजले. एकशे बारापर्यंत मोजले. हवा संपत आली. कड अजून पुढे आहे.”

“एकशे बारा,” धाकटा म्हणाला. तो स्वतःशीच बोलत होता. “मला वाटलं होतं, वीस-पंचवीस राहिले असतील. म्हणून तर म्हटलं, दुसरं कुणी नेण्याआधी...” त्याने मागे वळून पिंजऱ्यांकडे पाहिलं.

दादा बोटीच्या कडेवर वाकून पाण्यात बघत होता. काळ्या पाण्यात काही दिसण्यासारखं नव्हतं. तरी तो बघत होता. “वडील असते तर बोलले नसते माझ्याशी,” तो म्हणाला.

“बोलले असते,” वहिनी म्हणाली. “आठ दिवसांनी.”

“महिनाभर तरी लागला असता,” धाकटा म्हणाला. दादाला हसू फुटलं, आणि मग धाकट्यालाही.

मोजणीबाई थंडीने काकडत होती. वहिनीने तिच्या अंगावर आपलं जाड जॅकेट टाकलं आणि डब्यातला चहा ओतून दिला. ती आकडा लिहीत असताना वहिनीने पाटी धरली. एकशे बारा. खाली दोन रेघा.

कार्यालयाचा निर्णय यायला नऊ दिवस लागले. तेवढे नऊ दिवस वहिनी रोज बोट काढत होती, गळवाल्यांना खडकावर नेत होती, आणि धक्क्यावर कुणी कागदाचं नाव काढलं की ती हातातलं काम थांबवून ऐकायची. मोजणीबाई जाताना सांगून गेली होती, की मी लिहायचं ते लिहिलंय, पण सही वरच्यांची असते.

दहाव्या दिवशी कागद लागला. गर्दीतून धाकटाच पुढे घुसला आणि त्यानेच मोठ्याने वाचला. खडक बंद नाही. कड मात्र दरवर्षी या दोन महिन्यांत सगळ्यांना बंद. गळ नाही, पिंजरा नाही, नांगरसुद्धा नाही. एका हातापेक्षा मोठा हेकरू लागला तर सोडायचा. आणि प्रत्येक बोटीवर वजनं बांधलेला क्रेट असलाच पाहिजे.

“क्रेट कसला?” मागून कुणीतरी विचारलं.

“वहिनीला विचारा,” धाकटा म्हणाला. “ती दाखवेल.”

तिने दाखवलं. धक्क्यावरच, बर्फाच्या क्रेटला वजनं बांधून. जे लोक महिन्यापूर्वी तिच्या बोट चालवण्यावर बोलत होते, तेच उकिडवे बसून दोरीची गाठ कशी मारायची ते बघत होते. एकाने विचारलं, गाठ बुडाला का, कडेला का नाही. तिने तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळेला तिचा आवाजही चढला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

दातांच्या डॉक्टरने आणखी सहा जण आणले. एका बोटीत मावेनात, म्हणून धाकट्याला विचारलं. “मला त्या लोकांशी गोड बोलता येत नाही,” तो कुरकुरला. “मला तरी कुठे येतं,” वहिनी म्हणाली. त्याने पिंजरे अजून विकले नव्हते, पण चार उतरवून शेडमागे ठेवले आणि बोटीत बसायला फळ्या ठोकल्या. पहिल्या दिवशी गळवाल्यांनी त्याला इतकं बोलायला लावलं, की संध्याकाळी त्याचा घसा बसला होता.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी कुणीच गळवाले नव्हते. सकाळी वहिनीला जाग आली तेव्हा खोलीत ऊन चांगलं हातभर आत आलं होतं. एवढ्या उशिरापर्यंत ती कधी झोपली होती, तिला आठवेना. ती घाईने उठायला गेली. तेवढ्यात अंगणातून आवाज आले. दोघं भाऊ पंप उघडून बसले होते. धाकटा काहीतरी विचारत होता, आणि दादा दबक्या आवाजात सांगत होता, “हळू बोल ना. झोपलीये ती.”

“तुझा पान्हा पडला मघाशी, तेव्हा नाही आठवलं?”

“श्शू.”

पुन्हा एक पान्हा दगडावर खणकन वाजला, आणि दोघंही एकदम गप्प झाले. कुणीतरी दारापाशी येऊन आत डोकावल्याची चाहूल लागली. वहिनीने डोळे मिटले, चादर खांद्यापर्यंत ओढली आणि कूस बदलून परत झोपली.